पट्टी कुणाची, गळा कुणाचा : आयर्न मेडनच्या नव्वदीतल्या घसरणीचा प्रकरण अभ्यास

बेळगावात हेवी मेटल हे जड रॉक संगीत ऐकणारी मंडळी थोडी आहेत, पण जुनी आहेत आणि हट्टी आहेत. टिळकवाडी, शहापूर, कॅम्प, तिकडे निपाणी आणि खानापूरपर्यंत विखुरलेले हे लोक चार-पाचजण जरी एकत्र आले तरी एक वाद निघतोच : आयर्न मेडन हा इंग्लिश बँड नव्वदीत का घसरला? निकालही ठरलेला असतो. "ब्लेझ बेलीनं घालवला की बँड." गायक ब्रूस डिकिन्सन गेला, त्याच्या जागी ब्लेझ आला, दोन अल्बम पडले, ब्रूस परतला आणि गाडी रुळावर आली. संपलं.

आमच्या मते हा निकाल चुकीचा आहे, आणि तो तसाच सोडून देण्यासारखाही नाही. कॉलेजच्या बँडमध्ये नवा गायक आला आणि पहिले दोन कार्यक्रम पडले की इथेही लगेच त्याच्यावरच खापर फुटतं. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये मेडनचा ड्रमर निको मॅकब्रेन मंचावरून निवृत्त झाल्यापासून 'माणूस बदलला, आता दर्जा गेला' हे वाक्य पुन्हा ऐकू येतंय. म्हणून हे जुनं प्रकरण एकदा नीट उलगडून ठेवलं पाहिजे.

घटनाक्रम आधी पाहू. बासवादक स्टीव्ह हॅरिसनं २५ डिसेंबर १९७५ ला पूर्व लंडनच्या लेटन भागात हा बँड उभा केला. पहिला अल्बम १९८० चा. १९८१ मध्ये गायक पॉल डिआनो गेला आणि सॅमसन या बँडमधून ब्रूस आला. १९८२ संपता संपता ड्रमर क्लाइव्ह बरच्या जागी निको आला. म्हणजे दीड वर्षात गायकही नवा आणि ड्रमरही नवा. तरी त्यानंतर 'पीस ऑफ माइंड' (१९८३), 'पॉवरस्लेव्ह' (१९८४), 'समव्हेअर इन टाइम' (१९८६) आणि 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन' (१९८८) असे चार अल्बम आले. मेडनचं नाव आजही प्रामुख्याने याच चौघांवर आणि त्यांच्या आधीच्या 'द नंबर ऑफ द बीस्ट'वर उभं आहे. लाईनअप बदलणं हाच रोग असता तर तो तेव्हाच दिसायला हवा होता.

मग १९९० मध्ये गिटारवादक एड्रियन स्मिथ गेला आणि यानिक गर्स आला. १९९३ मध्ये ब्रूस गेला. १९९४ मध्ये शेकडो टेप ऐकून वुल्फ्सबेन या बँडच्या ब्लेझ बेलीची निवड झाली. 'द एक्स फॅक्टर' १९९५ चा, 'व्हर्च्युअल इलेव्हन' १९९८ चा. जानेवारी १९९९ मध्ये ब्लेझला निरोप मिळाला, पाठोपाठ ब्रूस आणि स्मिथ दोघेही परतले. गर्सला काढलं नाही, म्हणून बँड तीन गिटारांचा झाला. मे २००० मध्ये 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' आला.

ब्लेझ यायच्या आधी काय निखळलं होतं

'नो प्रेअर फॉर द डाइंग' १९९० चा. गायक ब्रूसच, निर्माता मार्टिन बर्चच. १९८१ च्या 'किलर्स'पासून मेडनचा प्रत्येक स्टुडिओ अल्बम बर्चनं केला होता. तरी हा अल्बम ऐकताना काहीतरी हरवल्यासारखं वाटतं, आणि याबद्दल ब्रूसच्या कट्टर चाहत्यांचंही दुमत नसतं. बदललं होतं ते दोन ठिकाणी.

एक म्हणजे स्मिथ नव्हता. स्मिथ म्हटलं की लोकांना सोलो आठवतात, पण त्याची खरी किंमत रचनाकार म्हणून होती. 'वेस्टेड इयर्स', 'सी ऑफ मॅडनेस' आणि 'स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड' ही तिन्ही गाणी त्याच्या एकट्याची, 'टू मिनिट्स टू मिडनाइट' ब्रूससोबतचं. आटोपशीर बांधणी आणि एका ऐकण्यात तोंडात बसणारं ध्रुवपद ही स्मिथची खासियत. हॅरिस लांबलचक कथानकवजा गाणी लिहितो, ताल दौडत ठेवतो, भाग बदलत राहतो. ऐंशीच्या दशकातला मेडन या दोन हातांच्या ताणातून तयार झाला. एक हात गेल्यावर दुसऱ्याला अडवणारं, 'हे इथं थांबव' म्हणणारं कुणी उरलं नाही.

दुसरी बदलली ती जागा. आधीचे अल्बम नासाऊच्या कंपास पॉइंटसारख्या, म्युनिकच्या म्युझिकलँडसारख्या मुरलेल्या स्टुडिओत झाले होते. हा अल्बम हॅरिसच्या एसेक्समधल्या घराच्या आवारातल्या कोठारात झाला, रोलिंग स्टोन्सची फिरती ध्वनिमुद्रण गाडी दाराशी लावून. हेतू रांगडा आवाज पकडण्याचा होता. पकडला गेला तो कोरडा आवाज. पुढे त्याच कोठाराचा स्टुडिओ केला आणि १९९२ चा 'फिअर ऑफ द डार्क' तिथेच झाला. त्यानंतर बर्च निवृत्त झाला.

विक्रीच्या यादीत मात्र यातलं काहीच दिसत नाही. 'ब्रिंग युअर डॉटर टू द स्लॉटर' हे सिंगल, म्हणजे सुटं विकलेलं गाणं, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, 'फिअर ऑफ द डार्क' अल्बमही पहिल्या क्रमांकावर गेला. यादी वर गेली म्हणून दर्जा वर गेला असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आमच्या लेखी जास्त भरवशाची कसोटी मंचाची आहे : दहा-वीस वर्षांनी बँड स्वतः कोणती गाणी वाजवायला काढतो? त्या कसोटीला 'नो प्रेअर'मधलं जवळपास काही टिकलं नाही. 'फिअर ऑफ द डार्क'च्या बारा गाण्यांपैकी शीर्षकगीत कायमचं टिकलं, बाकीची अधूनमधून. उलट ब्लेझच्या काळातली 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन' ही दोन्ही गाणी २०१८ च्या दौऱ्यात पुन्हा मंचावर आली. 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' २००३ च्या दौऱ्यात होतं. ज्या काळाला पडका म्हणतात त्या काळातली गाणी ब्रूसच्या १९९० च्या अल्बमपेक्षा जास्त टिकली. हे मान्य केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

पट्टी

आता मूळ दुखण्याकडे येऊ. ते समजायला बेळगावच्या माणसाला फार सायास पडू नयेत, कारण पेटी इथल्या गल्लोगल्ली आहे.

भजनाला नवा बुवा आला की पेटीवाला पहिला प्रश्न काय विचारतो? "पट्टी कुठली घेऊ?" कन्नड भजनात तोच प्रश्न 'श्रुती' या शब्दानं येतो. बुवा काळी एकचा असेल आणि आधीचा काळी चारचा, तर पेटीवाला वाद घालत बसत नाही. स्केल चेंजर पेटी असेल तर पट्ट्यांचा सांचा सरकवतो, नसेल तर बोटं दुसरीकडून फिरवतो. गाणं तेच, अभंग तोच, ठेका तोच. फक्त 'सा' खाली येतो.

मेडननं हे केलं नाही.

ब्रूसचा गळा वरच्या सप्तकात मोकळा होणारा, ब्लेझचा त्याच्या बराच खालचा आणि भरदार. मेडनची पुष्कळ गाणी ई मायनरमध्ये, म्हणजे सफेद तीनच्या आधारावर आहेत. 'द ट्रूपर' आणि 'हॅलोड बी दाय नेम' ही ठळक उदाहरणं. ती ब्रूसच्या गळ्याला मापून शिवलेली होती. १९९५-९६ च्या दौऱ्यात ब्लेझनं ही दोन्ही आणि शिवाय 'द नंबर ऑफ द बीस्ट', 'टू मिनिट्स टू मिडनाइट', 'द ईव्हल दॅट मेन डू' मूळच्याच पट्टीत गायली. गिटारी जुन्याच सुरात लागलेल्या होत्या.

अर्धा सूर उतरवायला लागतं काय? गिटारच्या सहाही तारा आणि बासच्या चारही तारा अर्धा सूर, म्हणजे पेटीवरची एक पट्टी, खाली लावायच्या. बोटं जिथं होती तिथंच पडतात, रिफ, म्हणजे गिटारवर फिरून फिरून येणारी ओळ, बदलत नाही. ताण कमी झाल्यानं तारा सैल पडतात आणि जोरात वाजवल्या की फडफडतात. म्हणून एक माप जाड तार घ्यायची, गिटारला ९ चा संच असेल तर १० चा. हॅरिस बासवर ५० ते ११० मापाच्या सपाट वेटोळ्याच्या जाड तारा वापरतो, त्याला तर एवढ्या उतरणीनं फरकही पडला नसता. ज्या गिटारीवर हलता ब्रिज (तारा जिथं टेकतात तो भाग) असतो तिच्या मागच्या स्प्रिंगांचा ताण पुन्हा जुळवावा लागतो, नाहीतर ब्रिज मागे बसतो आणि सगळ्या तारा एकदम बेसूर होतात. कीबोर्डला एक बटण. ड्रमला काहीच नाही. मंचावर येण्याआधी वाजणारी टेप असेल तर तेवढी नव्यानं करायची. ज्या बँडबरोबर गिटार सांभाळणारे पगारी कारागीर फिरतात, त्याला हे दोन दिवसांचं काम आहे. इतर अनेक मोठ्या बँडनी वाढत्या वयात अर्धा किंवा एक सूर उतरवला आणि बहुतेक श्रोत्यांना ते कळलंही नाही.

न उतरवल्यानं काय होतं तेही स्पष्ट सांगायला हवं. खालच्या गळ्याचा माणूस वरच्या सुरांना पोचतो ते जोर लावून. एखादं गाणं निभतं. दीड-दोन तास, एक दिवसाआड, ड्रम आणि गिटारींच्या गदारोळात गायलं की स्वरतंतू सुजतात. दुसऱ्या दिवशी वरचे सूर आणखी दूर जातात, म्हणून आणखी जोर लावावा लागतो. सूर जिथं लागायला हवा तिथून किंचित खाली राहतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की गायक बेसूर आहे. शेवटी घसा बसतो. ब्लेझच्या दोन्ही दौऱ्यांत घशामुळे काही कार्यक्रम रद्द करावे लागले, त्याचं मूळ इथं आहे. निवड करणाऱ्यांनी गळा निवडला आणि पट्टी मात्र आधीच्या माणसाची ठेवली.

याच्या उलट उदाहरण बेळगाव जिल्ह्याच्याच मातीतलं आहे. सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेल्या कुमार गंधर्वांना क्षयानं गाठलं, देवासला काही वर्षं गाणं बंद राहिलं. परत गायला लागले तेव्हा पूर्वीचा दमसास नव्हता. त्यांनी जुन्या लांब पल्ल्याच्या ताना रेटल्या नाहीत. लहान लहान, नेमक्या जागी सोडलेल्या स्वरवाक्यांतून गायकी नव्यानं बांधली. शरीर बदललं तसं गाणं बदललं. संगीतप्रकार कितीही वेगळा असला तरी गळ्याचं शास्त्र तेच.

मेडनच्या या काळातही एक गाणं याची साक्ष देतं. 'अफ्रेड टू शूट स्ट्रेंजर्स' मूळ ब्रूसचं, १९९२ चं. त्याची सुरुवात खालच्या सुरात, संथ, जवळजवळ बोलल्यासारखी आहे. ब्लेझनं मंचावर गायलेलं हेच गाणं ऐकलं की त्याच्या आवाजातला जाडपणा तिथं किती शोभतो ते कळतं. आमच्या मते ती सुरुवात ब्रूसपेक्षा ब्लेझचीच सरस आहे. पट्टी योग्य असेल तर हा गळा काय देऊ शकला असता, याचा तो नमुना आहे.

नवी गाणी त्याच्यासाठीच लिहिली होती ना, असा प्रश्न येतो. अर्धवट. 'एक्स फॅक्टर'च्या अकरा गाण्यांपैकी पाचांत ब्लेझचा हात आहे, 'व्हर्च्युअल इलेव्हन'च्या आठांपैकी तिघांत. त्याच आठांपैकी चार हॅरिसच्या एकट्याची. हॅरिसची चाल बहुधा गिटारच्या सुरावटीला चिकटून वर वर जाते, कारण पंधरा वर्षं ती पेलणारे गायक त्याच्यापुढे होते. जिथं ब्लेझनं गर्सबरोबर चाल घातली, जसं 'मॅन ऑन द एज', तिथं तो अवघडलेला वाटत नाही.

एक गाणं, दोन ध्वनिमुद्रणं

'साइन ऑफ द क्रॉस' हा या प्रकरणातला सर्वांत मोलाचा पुरावा. हॅरिसची रचना, ११ मिनिटं १८ सेकंद, 'एक्स फॅक्टर'चं पहिलंच गाणं. हेच गाणं ब्रूसनं १९ जानेवारी २००१ ला रिओमध्ये सुमारे अडीच लाख लोकांपुढे गायलं आणि ते २००२ च्या 'रॉक इन रिओ' या अल्बमवर आहे. रचना एक, पट्टी एक, गायक दोन, ध्वनिमुद्रणं दोन. असा योग फार थोड्या वादांना मिळतो.

बहुतेकजण दोन्हींतलं ध्रुवपद ऐकतात, ब्रूस मोकळा आणि ब्लेझ दाबलेला वाटतो, आणि तिथेच निकाल देतात. त्यांनी ऐकायचा भाग चुकला. गाण्याच्या मधोमध गायक गप्प असतो, आणि बराच वेळ गप्प असतो. फक्त गिटार, बास, ड्रम, कीबोर्ड. तोच भाग आधी १९९५ चा आणि मग २००१ चा लावा. १९९५ मध्ये ड्रम कोरडे, गिटारी मागे ढकललेल्या, बासची टिकटिक पुढे. सगळं एका खोलीत, एका भिंतीला टेकून वाजवल्यासारखं. २००१ मध्ये गिटारी तीन, त्यांतल्या दोन सुरावट धरतात तेव्हा तिसरी खालून आधार देते, ड्रमला हवा आहे. गायक दोन्हीकडे नाही, तरी फरक एवढा. मग या फरकाचा दोष ब्लेझच्या माथी कसा मारायचा?

आणि सुरुवातीचा संथ भागही पुन्हा ऐकावा. पुरुषांचा समूहस्वर ओसरतो, बास येतो, आणि खालच्या सुरात पहिल्या ओळी येतात. तिथं १९९५ चं ध्वनिमुद्रण उजवं आहे. ब्रूस त्या ओळी रंगवतो, ब्लेझ त्या भोगल्यासारखा गातो.

दुसरं गाणं उलट बाजूचं. 'द एंजल अँड द गॅम्बलर', 'व्हर्च्युअल इलेव्हन'वरचं, पुन्हा हॅरिसचं एकट्याचं, जवळपास दहा मिनिटांचं. कागद-पेन्सिल घेऊन बसावं आणि ध्रुवपदाची ओळ आली की एक रेघ मारावी. रेघांचे गठ्ठे बांधावे लागतात. अभंगातही पालुपद पुन्हा पुन्हा येतं, यात वाईट काही नाही. पण भजनात प्रत्येक फेरीला काहीतरी सरकतं. आधी बुवा एकटा, मग टाळकरी उचलतात, मग पखवाजाची लय वाढते, बुवा मध्येच एखादी वेगळी जागा घेतो, शेवटी टिपेला नेऊन सोडतात. इथं फेरीमागून फेरी तीच लय, तोच ठेका, कीबोर्डचा तोच पातळ सूर, गायकाला तेच शब्द त्याच उंचीवर. जगातला कुठलाही गायक यात रंग भरू शकला नसता. हे गाणं चार-साडेचार मिनिटांत आटपलं असतं तर चांगलं सिंगल झालं असतं. ते आटपा म्हणणारा स्मिथ नव्हता, बर्चही नव्हता. दोन्ही अल्बमची निर्मिती हॅरिस आणि नायजेल ग्रीन यांनी हॅरिसच्याच स्टुडिओत केली. लिहिणारा, वाजवणारा, निर्मितीचा अर्धा वाटेकरी आणि जागेचा मालक एकच.

घरी तपासायची रीत

वाद घालण्याआधी एक संध्याकाळ काढून हे करून बघावं. पेटी किंवा तानपुऱ्याचं ॲप, दोन बरे स्पीकर, सुरमापक ॲप. फोनच्या स्पीकरवर हे होत नाही, कारण त्यात बास आणि मोठ्या ड्रमचा पायाच ऐकू येत नाही आणि मेडनचं निम्मं म्हणणं तिथं असतं.

पहिल्यांदा पेटी तपासावी. जुन्या पेट्या थोड्या उतरलेल्या किंवा चढलेल्या असतात. गिटारची सहावी तार मोकळी ८२.४ हर्ट्झला लागते. पेटीवर सफेद तीन त्याच्याच वरच्या सप्तकांत, १६४.८ आणि ३२९.६ ला हवा. काट्यात फरक असेल तर ॲपचाच सूर धरावा. मग 'द ट्रूपर' किंवा 'हॅलोड बी दाय नेम' लावून खाली सफेद तीन दाबून ठेवावा. तो गाण्यात विरघळला पाहिजे. विरघळला नाही तर ते ध्वनिमुद्रण बाजूला ठेवावं. नेटवर चाहत्यांनी चढवलेल्या कित्येक प्रती हक्काच्या तपासणीतून निसटाव्यात म्हणून किंचित वेगानं किंवा संथ केलेल्या असतात, त्यानं पट्टी सरकते आणि गायकाचा आवाजही बदलतो. अशा प्रतीवरून ब्लेझला बेसूर ठरवणारे आम्ही ऐकले आहेत.

दुसरी खबरदारी आवाजाच्या पातळीची. जे जरा मोठ्यानं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं, हे सगळ्यांच्या बाबतीत खरं आहे. नव्यानं मास्टर केलेल्या प्रती मूळ सीडीपेक्षा मोठ्या आवाजाच्या असतात. ॲपमधली आवाज समान ठेवण्याची सोय चालू ठेवावी, नाहीतर कानानं ड्रमचा ठोका दोन्हीकडे सारखा होईपर्यंत बटण फिरवावं.

मग क्रम असा : आधी गायक नसलेले भाग, मग खालच्या सुरातले, सर्वांत शेवटी ध्रुवपदं. प्रत्येकानं न बोलता तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात, गायन कसं, रचना कशी, ध्वनिमुद्रण कसं. ध्रुवपद आधी लावलं की मत बनून जातं आणि पुढचं सगळं त्याच मताच्या रंगात ऐकलं जातं. स्टुडिओचं गाणं मंचावरच्या गाण्याशी ताडतोय याचंही भान हवं, कारण गर्दीचा गजर कुठल्याही गाण्याला चढवतो. ब्लेझची अधिकृत मंचीय ध्वनिमुद्रणं तुरळक आहेत, ती बहुतेक सिंगलच्या मागच्या बाजूला सापडतात.

एक पूर्वग्रह खास आपल्याकडचा आहे. मेडन भारतात पहिल्यांदा आला तो १७ मार्च २००७ ला, बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर. मग १ फेब्रुवारी २००८ ला मुंबई, १५ फेब्रुवारी २००९ ला पुन्हा बेंगळुरू. तिन्ही वेळा ब्रूस. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांच्या मनात ब्रूस म्हणजे मैदानातला जल्लोष आणि ब्लेझ म्हणजे कोठारात मुद्रित झालेली सीडी, अशी जोडी पक्की बसलीय. ही तुलना बरोबरीची नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं

"मग ब्रूस आल्याबरोबर सुधारलं कसं?" हा सगळ्यांत जोरकस सवाल, आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. १९९९-२००० मध्ये ब्रूस एकटा आला नाही. स्मिथ आला. निर्माता केव्हिन शर्ली आला. कोठार सोडून पॅरिसच्या गीयोम टेल स्टुडिओत गेले. आणि सगळे एकत्र उभे राहून, एकमेकांकडे बघत वाजवून मुद्रण झालं. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर श्रेय एकाच्या पदरात कसं घालणार? त्यातली काही गाणी तर 'व्हर्च्युअल इलेव्हन'च्या काळातच आकाराला येत होती. बीज तेच, मशागत वेगळी.

जुडास प्रीस्ट या मेटल बँडचं उदाहरणही इथं कामी येतं. त्यांचा गायक रॉब हॅल्फर्ड १९९२ मध्ये गेला, १९९६ मध्ये टिम 'रिपर' ओवेन्स आला. त्याचा गळा वरच्या सुरांना पुरेपूर होता, जुनी गाणी तो मूळच्या पट्टीत सहज गायचा. म्हणजे ब्लेझची अडचण त्याला नव्हती. तरी 'जुग्युलेटर' आणि 'डिमॉलिशन' हे दोन्ही अल्बम लोकांच्या मनात घर करू शकले नाहीत. गायकाची उंची हेच एकमेव कारण असतं तर प्रीस्ट तरला असता. आणि त्या दशकात सबंध पारंपरिक मेटलचाच बाजार उतरला होता, सिअ‍ॅटलच्या ग्रंज शैलीच्या बँडांनी सगळं व्यापलं होतं. अमेरिकेत मेडन मोठ्या सभागृहांतून क्लबांत उतरला, त्यातला काही वाटा या वाऱ्याचा होता.

आणि नंतरचं काय? १९९९ ते २०२४ मेडनमध्ये एकही माणूस बदलला नाही. पाव शतक तेच सहाजण. तरी तक्रारी थांबल्या नाहीत. 'द फायनल फ्रंटियर' ७६ मिनिटांचा, 'द बुक ऑफ सोल्स' दोन डिस्कांचा, ९२ मिनिटांचा, 'सेन्जुत्सु' ८२ मिनिटांचा. संथ सुरुवाती लांबतात, भाग पुन्हा पुन्हा येतात, कुणी कात्री लावत नाही, ही आज ऐकू येणारी तक्रार म्हणजे 'एंजल अँड द गॅम्बलर'चीच तक्रार आहे. गायक ब्रूस असून. आम्हाला 'द बुक ऑफ सोल्स' आवडतो, त्यातलं ब्रूसचं एकट्याचं अठरा मिनिटांचं 'एम्पायर ऑफ द क्लाउड्स' तर फारच. पण तक्रारीत तथ्य आहे.

ब्लेझची बाजू घेताना उलट टोकाला जायचं कारण नाही. 'व्हर्च्युअल इलेव्हन'वर काही ठिकाणी तो योग्य पट्टीतही सपाट गातो, ओळीच्या शेवटी सूर सोडून देतो. ते त्याच्या खात्यावर. आमचा हिशेब विचाराल तर घसरणीतला मोठा वाटा रचनेवर आणि मुद्रणावर कुणाचा लगाम न राहण्याचा, त्याखालोखाल न उतरवलेल्या पट्टीचा, आणि मग गायकाचा.

आता निको. जानेवारी २०२३ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, त्यातून सावरून तो दौऱ्यांवर वाजवत राहिला, आणि ७ डिसेंबर २०२४ ला साओ पाउलोत शेवटचा कार्यक्रम केला. त्याच्या जागी सायमन डॉसन, हॅरिसच्याच ब्रिटिश लायन या दुसऱ्या बँडचा ड्रमर. २०२५ च्या दौऱ्याची गाणी पहिल्या नऊ अल्बमांतली, म्हणजे १९९२ पर्यंतचीच ठेवली होती. त्यामुळे डॉसनबद्दल सध्या एवढंच तपासता येतं : लय. ठोके मोजणाऱ्या ॲपवर बोटानं ताल देत 'द ट्रूपर'चा वेग १९८३ च्या मुद्रणात किती, १९८५ च्या 'लाइव्ह आफ्टर डेथ'मध्ये किती आणि आता किती, ते लिहून काढावं. ऐंशीच्या दशकात मेडन मंचावर स्टुडिओपेक्षा वेगानं वाजवायचा, म्हणून आजचा वेग कमी भरला तर तो कुठल्या मुद्रणाच्या तुलनेत कमी हे आधी पाहावं. निकोचा उजवा पाय एकाच पेडलवर जे जलद ठोके काढायचा, ते दौडीच्या तालात तसेच सुटे ऐकू येतात की एकमेकांत मिसळतात, तेही ऐकावं. नव्या रचनेत डॉसन काय करतो हे नवा अल्बम आल्यावर कळेल, आणि तो हातात पडला की ड्रमरच्या नावाआधी निर्माता कोण, स्टुडिओ कुठला आणि रचनांखाली किती जणांची नावं आहेत ते वाचावं.